तांबडी रेघ

कवळीवाल्याच्या घरी सायकल एकच होती, पण ती दोन माणसांची होती, आणि त्या दोन माणसांच्या उंचीत चांगला वीतभर फरक होता. नवरा ताडमाड, बायको त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी. त्यामुळे सायकलीची सीट कायम वरखाली व्हायची. त्यांची मुलगी भिंगरी लहान असताना पाहुण्यांना सांगत असे, "आमची सायकल रविवारी उंच होते आणि पुढच्या रविवारी बुटकी होते." पाहुण्यांना काही कळत नसे, पण ते कौतुकाने मान डोलवत.

कवळीवाला हे त्याचं नाव नव्हे, धंदा. शहरातल्या चार दंतवैद्यांकडून दातांची मापं यायची, आणि हा आपल्या छोट्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवायचा, कवळी घासायचा, चकचकीत करायचा. "अर्ध्या शहराचं हसू माझ्या हातचं आहे," असं म्हणण्याची त्याला भारी हौस. बायको मोठ्या इस्पितळात परिचारिका. सोमवार ते शनिवार सकाळची पाळी, सहा दिवस पायांवर उभी. इमारतीतली माणसं तिला सिस्टर म्हणत, आणि चिडवायचं असलं की नवराही म्हणे.

लग्नानंतर दोघांनी हौसेने सायकल घेतली होती. दुसरी पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले, आणि पुढच्या वर्षी भिंगरी आली. मग दुसरी सायकल घेऊन तरी काय करणार? पोरीपाशी एकाने थांबायलाच हवं. तेव्हा असं ठरलं, की एक रविवार त्याचा, एक तिचा. पहाटे उजाडताना निघायचं, कालव्याच्या काठाने तळ्यापर्यंत जायचं आणि नऊच्या आत घरी. आणि भिंगरी दोन तास एकटी राहण्याएवढी झाली, की दुसरी सायकल आणायची आणि दोघांनी मिळून तळ्यापर्यंत जायचं. हे सिस्टरने त्याच्याकडून हातावर हात मारून कबूल करून घेतलं होतं.

त्या एका सायकलीचा त्यांनी एक नियमही केला होता. फिरून येणाऱ्याने वर जाण्याआधी, हात धुण्याआधी, सीट दुसऱ्याच्या उंचीला लावून ठेवायची. जाणाऱ्याने अंधुक उजेडात पाना शोधत बसायचं नाही, टांग मारून निघायचं. उंची चुकू नये म्हणून सीटच्या दांड्यावर दोन खुणा केल्या होत्या. त्याची खूण त्याने कवळी घासायच्या बारीक चाकाने कोरली होती, केसाएवढी, अगदी मापात. तिने आपली नखांच्या रंगाने ओढली होती, तांबडी, थोडी तिरकीच. तिची रेघ वर, सीटच्या जवळ, त्याची खाली. सीट तिच्यासाठी उतरवली की त्याची खूण नळीत बुडून जाई. त्याच्यासाठी चढवली, तरी तिची रेघ मात्र बाहेरच राही.

काही वर्षं हे झकास चाललं. ती फिरून यायची तेव्हा गाल लाल झालेले असत आणि तोंडाची टकळी सुरू असे. कालव्यावरच्या तारेवर बसणारा खंड्या हा तिच्या खास ओळखीतला. "आज बसला होता. माझ्याकडे बघून मान अशी केली त्याने," म्हणून ती मान वाकडी करून दाखवायची. नवरा म्हणायचा, "त्याला कवळी बसवायची असेल." दर रविवारी हाच विनोद, आणि दर रविवारी ती हसायची. तो फिरून आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "खंड्या होता का रे?"

भिंगरी नऊ वर्षांची झाली त्या सुमारास कवळीवाल्याला सायकलवाल्यांची टोळी भेटली. सगळे त्याच्याच वयाचे, पोटं सुटायला लागलेली, आणि घरी बायकामुलं असलेले. एक मास्तर त्यांचा म्होरक्या होता. ते दर रविवारी निघत, एकाआड एक नव्हे. मास्तर म्हणायचा, "आठवड्यात एकदा तरी पाय हलले पाहिजेत. पंधरा दिवसांनी हलवले तर त्याला व्यायाम म्हणत नाहीत, आठवण काढणं म्हणतात." कवळीवाल्याला हे एकदम पटलं. खोलीत दिवसभर वाकून बसणाऱ्या माणसाला असलं काही लगेच पटतं.

पहिल्यांदा त्याने तिचा रविवार रीतसर मागून घेतला. लांबची फेरी होती, सगळे जाणार होते. ती म्हणाली, "जा की. मी पुढच्या वेळी जाईन." तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलं होतं. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा थोडं कमी वाटलं. मग एकदा तो चिखलाने बरबटून, पायांत गोळे येऊन परत आला, आणि सीट खाली करायची तशीच राहून गेली. पुढचा रविवार तिचा होता. सकाळी तो उठला, तर ती स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून चहा पीत उभी.

"अगं, गेली नाहीस?"

"नाही. कंटाळा आला."

"मग मी जाऊ?"

"जा."

तिच्या पायांत बूट होते. घरात सकाळी सहा वाजता बूट घालून कोण चहा पितं? पण हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही; तो तीन वर्षांनी पडला. तेव्हा तो मोजे शोधत होता.

त्यानंतरच्या तिच्या रविवारीही ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सिस्टरचं मन सायकलीवरून उडालं, असं कवळीवाल्याने ठरवून टाकलं. सहा दिवस उभं राहून बाई थकते, सातव्या दिवशी पाय मारायला कशाला जाईल, हेही कारण त्याने स्वतःच शोधलं आणि स्वतःच मान्य केलं. मग सीट उतरवायची आणि सात दिवसांनी पुन्हा चढवायची, हा खटाटोप तरी कुणासाठी? सीट वरच राहिली. खंड्याची चौकशी मात्र ती करत राहिली. हा टोळीच्या मध्ये, पुढच्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवून पळणारा. तारेकडे बघायला फुरसत कुणाला? पण 'बघितलं नाही' म्हणणं जिवावर यायचं, म्हणून तो म्हणायचा, "हो, होता की." गेल्या हिवाळ्यात कधीतरी तिने विचारणं बंद केलं. नेमकं कधी, हे त्याला आठवत नाही.

आता माणूस काही वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. भिंगरी बारा वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी म्हणाली, "मी एकटी राहू शकते. उलट तुम्ही नसलात तर बरंच." हे ऐकलं आणि कवळीवाल्याला तो हातावर हात मारल्याचा आवाज आठवला. दुसऱ्याच दिवशी तो सायकलमिस्त्रीकडे गेला आणि स्वतःसाठी एक जुनी पण धडधाकट सायकल ठरवून आला. घरची, खुणांची सायकल आता सिस्टरची एकटीची. पण लगेच सांगायचं नाही. त्या महिन्यात तिचा वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. तरी त्याला तिचा चेहरा बघायचा होता. मिस्त्रीला फुरसत मिळेपर्यंत, नवी चाकं बसेपर्यंत, तो गप्प राहिला. दीड महिना ती सायकल दुकानाच्या मागे कापडाखाली उभी होती. या दीड महिन्यात तो घरात उगाच शीळ घालत हिंडायचा, आणि भिंगरी आईला म्हणायची, "बाबांना काहीतरी झालंय."

शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, त्याने जिन्याखाली जाऊन जुन्या सायकलीची सीट उतरवायला घेतली. नट सहज सुटला. पण दांडा हलेना. त्याने सीटला मिठी मारून पिळलं, वरून ठोकलं, शेवटी सायकलीवर बसून उड्या मारल्या. तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बघून गेल्या. दांडा जागचा हलला नाही.

बायकोला ब्रेकचं काम आहे सांगून त्याने सायकल मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने दांड्यावर बोट फिरवलं.

"किती दिवस हलवली नव्हती?"

"दिवस..." कवळीवाला घुटमळला.

"बरं, महिने?"

तो भिंतीवर टांगलेल्या चाकांकडे बघू लागला.

"वर्षं म्हणा की राव, लाजता कशाला!" मिस्त्री हसला. "लोखंडाच्या नळीत हा ॲल्युमिनियमचा दांडा. घाम जातो, पाणी जातं, आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. हलता ठेवला असता तर काही झालं नसतं." मग त्याने नट उजेडात धरला. "आणि याचे कोपरे बघा. कुणीतरी भलताच पाना लावून जोर केलाय. जुने ओरखडे आहेत. नवखा हात दिसतो."

भिंगरीने कधीतरी खेळताना केलं असेल, असं कवळीवाल्याला वाटलं.

दोन दिवस मिस्त्री दांड्याच्या बुडाशी तेल सोडत राहिला. शनिवारी त्याने सायकल उलटी करून सीटचं टोक शिकंज्यात आवळलं, आणि दोघांनी दोन बाजूंनी सायकल धरून अख्खी फिरवली. आधी काहीच नाही. मग दांडा असा काही किंचाळला की कवळीवाल्याच्या स्वतःच्या दाढा शिवशिवल्या. नळीतून पांढरी भुकटी गळाली. मिस्त्रीने दांडा पुसून त्याच्या हातात दिला. तांबडी रेघ उन्हाने गुलाबी झाली होती, पण होती. तीन वर्षं दर रविवारी तो या रेघेच्या वर बसून गेला होता. त्याने अंगठ्याने ती उगाच पुसून बघितली.

"एक करा," मिस्त्री म्हणाला. "आठवड्यातून एकदा तरी वरखाली करत जा. पुन्हा धरला, तर मग करवतच लावावी लागेल."

रविवारी तो साडेपाचलाच उठला. भिंगरी त्याच्या कटात सामील होती. आधीच जागी होऊन पांघरुणातून डोळे मिचकावत होती. सिस्टर न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता. "खाली ये गं जरा," तो दारातून ओरडला. "लवकर ये!" आणि धडधड जिना उतरला. दोन्ही सायकली त्याने शेजारी शेजारी उभ्या केल्या. जुनीची सीट बरोबर गुलाबी रेघेवर. हवा तपासली, घंटी वाजवून बघितली.

जिन्यावर पावलं वाजली. सिस्टर खाली आली ती कडक इस्त्रीच्या गणवेशात, खांद्याला पिशवी, केस वर बांधलेले.

"हे काय?" त्याने विचारलं.

"हे काय?" तिने सायकलींकडे बघून विचारलं.



"आज रविवार आहे," तो म्हणाला.

"आज एक तारीख आहे," ती म्हणाली. "आजपासून माझी रविवारची ड्यूटी सुरू. सुट्टी आता बुधवारी."

"कधी ठरलं हे?"

"महिना झाला. तुला सांगितलं होतं की. तू इथेच बसून चेनला तेल देत होतास. 'बरं' म्हणालास."

त्याला ती संध्याकाळ आठवली. चेन आठवली, तेल आठवलं. बायको जिन्याच्या कठड्याला टेकून काहीतरी बोलत होती, हेही आठवलं. काय बोलत होती ते काही केल्या आठवेना.

"पण का?"

"रविवारी घरी राहून मी काय करते? तुझी वाट बघते. तू आलास की तू झोपतोस. वॉर्डात रविवारी माणसं कमी पडतात, मी म्हटलं, मी येते. मेट्रनने वरच्या वर झेललं."

"मग परत माग ना!"

"रविवार सोडलेल्या बाईला रविवार परत मिळत नाही रे. माझ्या जागेसाठी दोघी टपलेल्याच होत्या. आता माझा नंबर शेवटचा. चार-पाच वर्षं तरी धर." तिने नव्या सायकलीच्या हँडलवर हात ठेवला. "ही कुणाची?"

"माझी. आणि ही तुझी. भिंगरी राहते म्हणाली एकटी. दीड महिना लपवून ठेवली होती."

सिस्टरने डोळे मिटले आणि उघडले. "दीड महिना," ती म्हणाली. "मी अर्ज देऊन महिनाच झालाय."

मग तिची नजर जुन्या सायकलीच्या सीटवर गेली, आणि ती खाली वाकली. रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "उतरली?"

"अगं, घट्ट धरली होती. मिस्त्रीला दोन दिवस लागले."

"हं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तूच बसवून टाकलीस कायमची."

"म्हणजे?"

ती सरळ उभी राहिली. आवाजात राग नव्हता. पेशंटच्या माणसांना ती समजावून सांगते तसा आवाज होता. "पहिल्या रविवारी बूट घालून खाली आले, तर सीट वर. म्हटलं, याने उतरवली नाही, म्हणजे याला हा रविवार हवाय, तोंडाने मागायला जड जातंय. म्हणून वर गेले आणि कंटाळा आला म्हणाले. पुढच्या वेळी परत तेच. मग पावसाळा सरल्यावर एकदा पाना घेऊन आले, म्हटलं, आपणच उतरवू. नट सुटला, पण दांडा हलेना. इथे बसून किती वेळ झटापट केली. तेव्हा कळलं."

"काय कळलं?"

"की आता ती सीट तुझी."

"मला वाटलं, तुला नको आहे! तू सीट उतरवत नव्हतीस, म्हणून मी..." तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्यालाच ऐकू आलं. नियम काय होता? येणाऱ्याने उतरवायची. येणारा तर दर वेळी तोच होता.

"विचारायचंस गं," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "आणि तूही."

फाटकाशी इस्पितळाच्या गाडीचा भोंगा वाजला. तिने पिशवी सावरली, दोन पावलं गेली, परत आली आणि जुन्या सायकलीची घंटी एकदा वाजवली. "छान केलीस," म्हणाली आणि गेली. वरच्या खिडकीतून भिंगरीचं डोकं बाहेर आलेलं होतं. "आई कुठे चालली?" ती ओरडली. "बाबा, तुम्ही गेला नाहीत?"

त्या रविवारी कवळीवाला टोळीबरोबर गेला नाही. नवी सायकल पुसून जिन्याखाली लावली आणि वर जाऊन मुलीला नाश्ता करून दिला. दुपारभर तो खुर्चीत बसून होता. आपण काही चोरलं नाही, मारलं नाही, कुणाला वाईट बोललो नाही, हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून बघत होता. ते खरंही होतं, आणि त्याने काडीचाही दिलासा मिळत नव्हता.

बुधवारी त्याच्या खोलीत चार कवळ्या तातडीच्या होत्या. हात चालत होते, लक्ष नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या कवळीत त्याने सुळा आणि दाढ यांची अदलाबदल केली, आणि सगळं मेण पुन्हा वितळवावं लागलं. संध्याकाळी घरी आला, तर सिस्टर भाजी निवडत बसली होती. गाल लाल झालेले. किती वर्षांनी ते त्याच्या नजरेला पडत होते.

"गेली होतीस?"

"तळ्यापर्यंत. शेवटच्या चढाला उतरून ढकलली, पण गेले."

"कसं वाटलं?"

"पाय दुखतायत," ती म्हणाली आणि हसली. मग भाजीकडे बघत म्हणाली, "कालव्यावरची ती तार नाहीये आता. खांबच काढलेत सगळे. तिथला पंपावरचा माणूस म्हणाला, दोन वर्षं झाली."

कवळीवाला बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला. गेल्या हिवाळ्यापर्यंत तो म्हणत आला होता, हो, होता की. पुढे ती काही म्हणेल म्हणून तो थांबला. तिने फक्त देठ खुडून बाजूला टाकले आणि भिंगरीला पाणी आणायला सांगितलं.

थोड्या वेळाने तो काहीतरी निमित्त काढून खाली गेला. जिन्याखाली दोन्ही सायकली उभ्या होत्या. तिच्या सायकलीच्या चाकांना कालव्याकाठचा चिखल होता, अजून ओला. आणि सीट वर चढवलेली होती. त्याने वाकून बघितलं. ती त्याने कोरलेल्या केसाएवढ्या खुणेवर होती, अगदी मापात. त्याला आता स्वतःची सायकल आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती फिरून आली होती, आणि वर जाण्याआधी, हात धुण्याआधी, पाना घेऊन तिने त्याची सीट लावून ठेवली होती.

तो तिथेच उकिडवा बसला. मग त्याने नट सैल केला आणि सीट तांबड्या रेघेपर्यंत खाली आणली. दांडा आता सहज सरकत होता. नट आवळून, दोनदा तपासून, तो वर गेला आणि हात धुतले.